गाठ आणि तिचा शेजार: मिना बिसेल यांच्या कामाबद्दल

अर्धविराम

मावशीचा बायोप्सीचा रिपोर्ट चार दिवस माझ्या फोनमध्ये पडून आहे. निदान 'डीसीआयएस', म्हणजे दुधाच्या नळीतच असलेला, अजून बाहेर न पडलेला कॅन्सर. बाकी सगळं डॉक्टरांनी नीट सांगितलं, शेवटची एक ओळ तेवढी राहिली: 'पी-६३: मायोएपिथेलियल लेयर रिटेन्ड. नो स्ट्रोमल इन्व्हेजन.' "ही चांगली ओळ आहे," एवढं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे वळले. चांगली का, ते शोधायला बसले आणि रात्रीचे दोन वाजले, कारण वाटेत मिना बिसेल भेटल्या.

मी गणित शिकवते, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. चुकेन तिथे कान धरा.

माझ्या डोक्यातलं चित्र आजवर सोपं होतं. एका पेशीच्या डीएनएत बिघाड होतो, ती मोकाट सुटते, एकीच्या हजार होतात, गाठ बनते. गाठीच्या आजूबाजूला जे असतं ती नुसती जागा. बिसेलबाईंचं भांडण नेमकं या 'नुसत्या जागे'शी होतं. बाई तेहरानमध्ये वाढल्या, शिकायला अमेरिकेत आल्या, १९६९ मध्ये हार्वर्डमधून पीएचडी झाल्या आणि १९७२ पासून लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत काम करू लागल्या. त्यांचा प्रश्न शाळकरी वाटावा असा आहे. नाकाच्या पेशीत आणि कोपराच्या पेशीत डीएनए तोच, मग नाक नाकच राहायचं हे त्याला कोण सांगतं? आणि शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असताना एखाददुसरा जनुक बिघडला की कॅन्सर, एवढंच खरं असेल तर आपण सगळे लहानपणीच गाठींनी भरून जायला हवे होतो. तसं होत नाही. म्हणजे काहीतरी या पेशींना धरून ठेवतंय.

मला सगळ्यात आवडला तो कोंबडीचा प्रयोग. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये दाखवलं होतं की कोंबडीतली एक गाठ वाटून, पेशी गाळून काढून, नुसता उरलेला रस दुसऱ्या कोंबडीला टोचला तरी गाठ येते. तो विषाणूचा प्रताप. (नोबेल मिळालं १९६६ साली. ५५ वर्षांनी! माणूस तेवढा जगला म्हणून.) त्या विषाणूतला 'सार्क' हा जनुक पुढे कॅन्सर घडवणाऱ्या जनुकांमधला पहिला म्हणून प्रसिद्ध झाला. पिल्लाच्या पंखात हा विषाणू टोचला की थोड्याच दिवसांत गाठ. प्लास्टिकच्या बशीतल्या पेशींवर टाकला की त्या दिवसभरात बिघडतात. तेव्हा सगळ्यांचं म्हणणं, झालं, जनुक आला की कॅन्सर आला.

बिसेल आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड डोलबर्ग यांनी तोच विषाणू अंड्यातल्या चार दिवसांच्या गर्भाला, पंख फुटतो त्या कोंबाला टोचला. गाठ आलीच नाही. विषाणू पेशींमध्ये शिरलेला, सार्क जनुक कामाला लागलेला, आणि पंख मात्र ठरल्याप्रमाणे तयार होतोय. मग त्यांनी तोच पंख काढून पेशी सुट्या केल्या आणि बशीत ठेवल्या. चोवीस तासांत त्या कॅन्सरच्या पेशींसारख्या दिसायला लागल्या. जनुक तोच, पेशीही त्याच. गेलं काय, तर शेजार. हे १९८४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं.

पुढच्या वर्षीचा प्रयोग तर आणखी विचित्र. पिल्लाच्या एका पंखात विषाणू टोचला की तो रक्तातून सगळीकडे फिरतो, पण गाठ टोचलेल्या जागीच येते. का? त्यांनी दुसऱ्या, न टोचलेल्या पंखाला नुसती जखम केली. तिथेही गाठ आली. म्हणजे सुईनं विषाणू पोचवलाच, वर जखमही केली, आणि ती जखम भरून काढायला शरीरानं जी धावपळ केली तिचा गाठीला फायदा झाला. (इथे मला बायोप्सीची सुई आठवली आणि पोटात गोळा आला. जाणकारांनी यावर बोलावं, प्लीज.)

नंतर त्यांनी स्तनाच्या पेशींवर काम केलं. गाभण उंदरीच्या स्तनातल्या पेशी काढून प्लास्टिकच्या सपाट बशीत ठेवल्या की त्या दूध बनवणं विसरतात. त्याच पेशींना मऊ जेलीत ठेवलं, म्हणजे शरीरात पेशींच्या बुडाशी प्रथिनांचा जो पातळ पडदा असतो तसल्या द्रव्यात, की त्या गोल होऊन बसतात, मध्ये पोकळी करतात आणि पोकळीत दुधाची प्रथिनं सोडतात. गंमत म्हणजे ही जेली मिळते उंदराच्या एका गाठीतूनच. बिसेल यांनी १९८२ मध्येच दोन सहकाऱ्यांबरोबर लिहून ठेवलं होतं की पेशी भोवतालचं जाळं विणते आणि ते जाळं उलट पेशीच्या केंद्रापर्यंत निरोप पोचवतं. तेव्हा त्याच्यामागे पुरावा थोडा होता, धाडस जास्त.

आणि १९९७. डेन्मार्कमध्ये एका स्त्रीच्या स्तनातल्या पेशींपासून पेशींची एक मालिका तयार केली होती. तिच्यातल्या एका टोकाच्या पेशी साध्या, दुसऱ्या टोकाच्या कॅन्सरच्या. जेलीत साध्या पेशी आठ-दहा दिवसांत छोटा, आखीव गोळा करून थांबतात. कॅन्सरच्या पेशी वेड्यावाकड्या पसरत राहतात. व्हॅलेरी वीव्हर, बिसेल आणि मंडळींनी पेशीच्या पृष्ठभागावरचा 'बीटा-१ इंटेग्रिन' हा दुवा, ज्यानं पेशी जाळ्याला धरून असते, एका अँटिबॉडीनं अडवला. कॅन्सरच्या पेशींनी गोळा केला. नीट, आखीव. वाढ थांबली. गुणसूत्रं तशीच मोडकी, पण वागणं शहाण्यासारखं.

तर माझे प्रश्न. हे सगळं खरं असेल तर कॅन्सरला अजून 'जनुकांचा आजार' का म्हणतात? आणि मावशीच्या रिपोर्टमधली ती ओळ याच्याशी कुठे जोडली जाते? जोडली जाते असं मला आतून वाटतंय, पण सांगता येत नाहीये.

रानवारा

धागा आवडला. वाचनखूण साठवली. पण तुम्ही ती बायोप्सीची शंका टाकलीत आणि आता माझीही झोप गेली. आमच्या घरात एक काका 'सुई लावली की पसरतो' म्हणून आठ महिने तपासायलाच गेले नव्हते. ते बरोबर होते की काय?

काचपट्टी

पॅथॉलॉजीत आहे, दिवसभर सूक्ष्मदर्शकावर डोळा असतो, म्हणून आधी रानवारा यांना उत्तर. काका बरोबर नव्हते. त्या पिल्लांच्या अंगात सगळीकडे ताजा, जिवंत विषाणू फिरत होता, जो जाईल तिथे कॅन्सरचा जनुक घेऊन जात होता. जखमेनं त्याला वाट करून दिली. तुमच्या-आमच्या अंगात तसं काही फिरत नसतं. सुईच्या मार्गात पेशी सांडणं घडतं, पण क्वचित. आणि बायोप्सी नसेल तर ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरची, औषध ठरवणारी प्रथिनं) यातलं काहीच कळत नाही. म्हणजे कोणतं औषध द्यायचं ते अंधारात ठरवायचं. आठ महिने थांबण्याची किंमत सुईपेक्षा फार मोठी असते.

जखमेचा मुद्दा मात्र खोटा नाही. १९९० मध्ये त्याच गटानं दाखवलं की टीजीएफ-बीटा हे जखम भरताना सुटणारं द्रव्य टोचलं तरी जखमेचं काम होतं. आणि सूज कमी करणारी औषधं दिली की गाठी कमी येतात. हॅरॉल्ड ड्वोराक यांनी १९८६ मध्येच गाठीला 'न भरणारी जखम' म्हटलं होतं. रोज काचेखाली बघते त्यामुळे मला ती उपमा फार पटते. गाठीच्या कडेला तेच फायब्रोब्लास्ट (जाळ्याचे तंतू विणणाऱ्या पेशी), त्याच नव्या रक्तवाहिन्या, त्याच पांढऱ्या पेशी. जखम भरली की हे सगळे घरी जातात, गाठीत कोणी जात नाही.

आता अर्धविराम, तुमची ओळ. दुधाच्या नळीचा आडवा काप घेतला तर आत पेशींचा एक थर, त्याच्या बाहेर मायोएपिथेलियल पेशींचा दुसरा थर, आणि त्याच्या बाहेर तो पातळ पडदा. बाहेरच्या थराच्या पेशी आकसून दूध पुढे ढकलतात, पण त्यांचं दुसरं काम असं की पडद्यातलं लॅमिनिन नावाचं प्रथिन त्या बनवतात. बिसेल यांच्या जेलीतही मुख्य लॅमिनिनच असतं. त्यांच्या प्रयोगशाळेनं २००२ मध्ये दाखवलं होतं की आतल्या पेशींना वर कुठे आणि खाली कुठे हे कळतं ते याच लॅमिनिनमुळे.

पी-६३ची रंगाई केली की या बाहेरच्या थराची केंद्रकं तपकिरी होतात. डीसीआयएस असेल तर मला काय दिसतं सांगते: मध्ये फुगलेली नळी, आत दाटीवाटीनं कॅन्सरच्या पेशी, निळसर, आणि भोवती तपकिरी ठिपक्यांची माळ. माळ असली तर कॅन्सर आत आहे, भोवतालच्या ऊतीत (स्ट्रोमात) शिरलेला नाही. माळ कुठे तुटली असेल आणि तिथून दोन-चार पेशी बाहेर दिसल्या तर रिपोर्ट बदलतो, उपचार बदलतात. तुमच्या मावशीची माळ शाबूत आहे. 'चांगली ओळ' ती हीच.

अर्धविराम

काचपट्टीताई, हे वाचून मी रिपोर्ट पुन्हा उघडला. चार दिवसांत पहिल्यांदा त्या ओळीचा अर्थ लागला. मनापासून आभार.

निवांत

छान माहिती. माझं तर आधीपासून हेच म्हणणं आहे की आजार बाहेरून येत नाही, शरीराची जमीन बिघडते तेव्हा येतो. बघा, आता शास्त्रज्ञही तेच म्हणतात! जमीन सुधारली, मन शांत ठेवलं, तर पेशी आपोआप सुधारतात. मग केमो आणि रेडिएशन नावाचं विष कशाला?

काचपट्टी

निवांतराव, नाही. बिसेल असं म्हणत नाहीत. 'जमीन' म्हणजे इथे पेशीपासून केसाच्या जाडीहून कमी अंतरावरची प्रथिनं, दुवे, शेजारच्या पेशी. मनाची शांती चांगलीच, पण ती बीटा-१ इंटेग्रिन अडवत नाही. केमो सोडून 'जमीन' सुधारायला गेलेली माणसं आमच्याकडे परत येतात तेव्हा बहुतेक वेळा फार उशीर झालेला असतो. यावर मी या धाग्यात परत बोलणार नाही.

शंकेखोर

+१. आणि धाग्यावर थोडं थंड पाणी ओततो, राग मानू नका.

एक, १९९७ च्या त्या प्रयोगात 'सुधारलेल्या' पेशी जाळ्यापासून सुट्या केल्या की पुन्हा कॅन्सरसारख्याच वागायला लागल्या. म्हणजे सुधारणा पोलीस दारात उभा असेपर्यंत. उंदरात टोचल्यावर गाठी कमी आणि लहान आल्या हे खरं, पण शून्य नाही. दोन, कोंबडीच्या गर्भाचाही शेजार सर्वशक्तिमान नव्हता. १९९० मध्ये विषाणूला निळ्या रंगाची खूण लावून पाहिलं तेव्हा रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तो गर्भातही बिघाड करत होताच. शेजार बऱ्याच पेशींना धरतो, सगळ्यांना नाही.

तीन, आणि हे खरं दुखणं. 'शेजार वाईट आहे ना, मग पाडून टाका' असं म्हणून माणसांवर प्रयोग झाले आणि तोंडावर आपटले. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये गाठीभोवती एवढा राठ, तंतुमय शेजार असतो की कॅन्सरच्या पेशी त्यात शोधाव्या लागतात. २००९ मध्ये उंदरांमध्ये दिसलं की हेजहॉग हा संदेशमार्ग बंद केला तर तो राठपणा कमी होतो, रक्तवाहिन्या वाढतात, औषध आत पोचतं, उंदीर जास्त जगतात. सगळे खूश. तसलंच औषध रुग्णांना दिलं, तर ज्यांना दिलं त्यांचं जास्त वाईट व्हायला लागलं. २०१२ मध्ये चाचणी बंद. २०१४ मध्ये उंदरांवरच्याच दोन अभ्यासांतून कळलं की तो शेजार काढून टाकला की गाठ जास्त आक्रमक होते. ज्याला आपण गुंडाचा साथीदार समजत होतो तो थोडाफार त्याला अडवूनही होता.

जाळं कुरतडणारी एन्झाइम्स अडवायची औषधं त्याच्याही आधी आपटली होती. त्याबद्दल फार लिहीत नाही.

अर्धविराम

राग कसला. उलट माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हे यायला हवं होतं. १९९७ च्या निबंधाचा सारांश मी वाचला होता, त्यात 'पुन्हा उलटतं' हे होतं आणि मी ते सोयीस्कर गाळलं, कारण गोष्ट त्यामुळे कमी सुंदर होत होती. गणितवालीनं असं करू नये.

पिपेट

प्रयोगशाळेत पेशी वाढवते, पोटापाण्यासाठी. शंकेखोर यांच्या यादीला एक उलट बाजू जोडते. शेजार माणूस बिघडवतो तसा पेशीही बिघडवतो. १९९९ मध्ये गेराल्ड कुन्हा यांच्या गटानं प्रोस्टेटच्या, अमर केलेल्या (म्हणजे वाढत राहणाऱ्या) पण गाठ न करणाऱ्या पेशी घेतल्या. त्या साध्या फायब्रोब्लास्टबरोबर उंदरात ठेवल्या तर काही नाही. कॅन्सरच्या गाठीतून काढलेल्या फायब्रोब्लास्टबरोबर ठेवल्या तर गाठी. आणि उलट दिशेनं, बिआट्रिस मिंट्झ यांनी १९७५ मध्ये टेराटोकार्सिनोमा या कॅन्सरच्या पेशी उंदराच्या अगदी सुरुवातीच्या गर्भात सोडल्या आणि त्यातून साधी, धडधाकट पिल्लं झाली, अंगात त्या पेशींपासून बनलेले भाग घेऊन. कल्पना बिसेल यांच्या एकटीची नाही. पण ती धरून बसायला त्या एकट्या बराच काळ होत्या.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो आमच्या धंद्याचा आहे. बिसेल यांची बर्कलीची प्रयोगशाळा आणि बॉस्टनमधली कॉर्नेलिया पोल्याक यांची प्रयोगशाळा मिळून स्तनाच्या पेशी वेगळ्या करायचं काम करत होत्या. ऊती तशीच, पद्धत तीच, यंत्र तसंच, आणि निकाल जुळेनात. बराच काळ गेला. शेवटी दोन्हीकडचे संशोधक एकाच टेबलाशी शेजारी बसून काम करायला लागले तेव्हा कळलं की ऊती विरघळवताना एकीकडे ती जोरात ढवळत होते आणि दुसरीकडे सावकाश हलवत ठेवत होते. बास. एवढ्यानं पेशी वेगळ्या निघत होत्या. २०१४ मध्ये त्यांनी हे छापलं. ज्या बाईनं आयुष्यभर 'पेशीला कसं वागवता यावर ती कशी वागते ते ठरतं' असं सांगितलं तिच्याच प्रयोगशाळेत हे व्हावं!

आमच्याकडेही एकदा आठवडाभर पेशी गोळेच करेनात. जेली वितळवताना कोणीतरी बाटली बर्फावर न ठेवता टेबलावर ठेवली होती. ती खोलीच्या तापमानाला घट्ट होते, मग थर सारखा पसरत नाही. आठवडा वाया, वर साहेबांचं बोलणं.

मुक्काम पोस्ट

या सगळ्यात एक प्रश्न विचारू? वडिलांची शस्त्रक्रिया झाली, सगळं स्वच्छ सांगितलं, आणि नऊ वर्षांनी हाडात परत आला. नऊ वर्षं त्या पेशी काय करत होत्या? झोपल्या होत्या का?

काचपट्टी

मुक्काम, वाईट वाटलं वाचून. हो, झोपल्या होत्या हा शब्द खरोखरच वापरतात. बिसेल यांच्याच प्रयोगशाळेतून सायरस घजर आणि सहकाऱ्यांचं २०१३ चं काम आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या विखुरलेल्या पेशी फुप्फुसात आणि अस्थिमज्जेत बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून निपचित बसलेल्या त्यांना दिसल्या. स्थिर, जुनी रक्तवाहिनी थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ नावाचं प्रथिन देते, त्यानं त्या गप्प राहतात. पण रक्तवाहिनीला जिथे नवा कोंब फुटतो तिथे टीजीएफ-बीटा आणि पेरिऑस्टिन सुटतं आणि शेजारच्या पेशी जाग्या होतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमकं हेच झालं असं कोणी सांगू शकणार नाही. कोणाच्या चुकीनं झालं असंही नाही.

'कुठे' हा प्रश्न तर फार जुना आहे. लंडनचे स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या. यकृतात पसरलेला २४१ जणींच्या, प्लीहेत फक्त १७ जणींच्या. रक्त दोन्हीकडे जातं. बी सगळीकडे पडतं, रुजतं मातीप्रमाणे, हे त्यांचंच म्हणणं. आपल्याकडे शेतकऱ्याला विचारलं असतं तर तोही हेच म्हणाला असता, पण त्यानं ७३५ नोंदी मोजल्या नसत्या.

मुक्काम पोस्ट

धन्यवाद ताई. 'कोणाच्या चुकीनं नाही' हे आईला वाचून दाखवलं.

शंकेखोर

अर्धविराम यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. 'जनुकांचा आजार' म्हणतात कारण जनुकांतला बिघाड नसलेला कॅन्सर जवळपास सापडत नाही. पण बिघाड पुरेसा नाही. दुसऱ्याच कारणानं वारलेल्या माणसांच्या शवविच्छेदनात थायरॉइड, प्रोस्टेट, स्तन इथे बारीकसारीक कॅन्सर सापडतात ज्यांनी त्या माणसाला कधी त्रासच दिला नाही. वीनबर्ग आणि हॅनाहान या कॅन्सर-संशोधकांनी २००० मध्ये कॅन्सरची लक्षणं मांडली, ती बरीचशी पेशीबद्दल होती. २०११ च्या आवृत्तीत भोवतालाला मोठी जागा दिली. आणि शेजाराला धरून केलेले सगळे उपचार आपटले असंही नाही. रक्तवाहिन्या रोखणारं बेव्हॅसिझुमॅब २००४ मध्ये मंजूर झालं. आणि गाठीच्या आत येऊन हात बांधून बसलेल्या टी-पेशींचे (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) हात सोडवण्याबद्दल ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. टी-पेशी हाही शेजारच की. माझं भांडण फक्त 'पाडून टाका'शी आहे.

अर्धविराम

पटलं. काल मावशीला मी ती माळ कागदावर काढून दाखवली. मध्ये गिचमीड, भोवती ठिपके. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आणि गुरुवारी हे काढतील तेव्हा भोवतीचं किती काढणार?" मला उत्तर आलं नाही.

काचपट्टी

मावशी हुशार आहेत. सर्जनला 'मार्जिन'बद्दल विचारा. काढलेला तुकडा आमच्याकडे आला की आम्ही त्याच्या बाहेरच्या बाजूला शाई फासतो, मग काप घेतो, आणि शाईपासून कॅन्सरची पेशी किती लांब आहे ते मोजतो. डीसीआयएसला गाठ काढून नंतर रेडिएशन देणार असतील तर साधारण दोन मिलिमीटर मोकळी कड पुरेशी मानतात. कमी आली तर कधी परत थोडं काढावं लागतं, हे आधी माहीत असलं की तेव्हा धक्का बसत नाही. रिपोर्ट आला की इथे नका टाकू, मला व्यक्तिगत निरोप करा.

अर्धविराम

लिहून घेतलं. शाई, दोन मिलिमीटर, परत लागू शकतं. मावशीनं तोच ठिपक्यांचा कागद घडी घालून फाईलमध्ये ठेवलाय, त्याच्या मागेच लिहिलं.